डाव्या देवळावरची जखम

पांढुर्णा,
पोळ्यानंतरचा बारावा दिवस

प्रोफेसरसाहेब, म्हणजे चि. प्रफुल्ल यास,

तुझ्या भाऊजीचे एका हाताने आशीर्वाद. (दुसरा हात डाव्या कानाच्या वर धरलेला आहे. तो का, ते पुढे येईलच.)

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दुसऱ्या ओळीपासून खरं लिहीन. तुझी तब्येत कशी आहे? नागपुरात डेंगी आहे असं पेपरात वाचल्यापासून मला इथे ताप आल्यासारखं वाटतं आहे. कूलरमधलं पाणी काढून टाकलंस ना? उत्तरपत्रिका तपासून तपासून मान धरते का? धरत असेल तर डॉक्टरला दाखव, पण डॉक्टर इंग्रजीत जो कागद लिहून देईल तो कोणालाही दाखवू नकोस. मी दाखवला. तेव्हापासून माझी नोकरी टांगणीला लागली आहे, नदीकाठच्या मारुतीच्या देवळाचा पंचनामा झाला आहे, आणि तुझी बहीण प्रतिभा गेले चार दिवस माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

तुला मी सतरा वेळा फोन केला. तू एकदाही उचलला नाहीस. पेपर तपासायला बसलास की तू फोन लांब ठेवतोस हे मला माहीत आहे (पोळ्यालाही तू त्याच कारणाने आला नाहीस, प्रतिभाने तुझ्या वाटच्या पुरणपोळ्या दोन दिवस झाकून ठेवल्या होत्या), त्यामुळे राग नाही. मेसेज करायची सोय नाही, कारण माझा मोबाइल कोणत्या आकड्यांनी उघडतो हे मला कधीकधी आठवत नाही, पण प्रतिभाला नेहमी आठवतं. म्हणून हे रजिस्टर पत्र. पोस्टमनसमोर सही करताना पाकीट कुठून उघडलेलं तर नाही ना ते नीट पाहून घे आणि मगच वाच. (हे वाचतो आहेस म्हणजे आता उशीर झाला. असो.)

तर झालं असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, मी काय करतो हे तुला वेगळं सांगायला नको. तुम्ही सावरगाववाले त्या काठावरून, आम्ही पांढुर्णावाले या काठावरून, मधे जाम नदीत रोवलेला पळस, आणि दिवसभर एकमेकांच्या अंगावर गोटे. दुसऱ्या दिवशी तेच लोक एकमेकांच्या घरी चहाला. यातला चहा मला मान्य आहे. बाकीच्यासाठी मी गेली पंचवीस वर्षं मागच्या खोलीत, खिडकी लावून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसतो. (हेल्मेटवरून तुम्ही सगळे हसता. पायी भाजी आणायला जातानाही मी ते घालतो हे खरं आहे. पण आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर कुंड्या ठेवणारे लोक आहेत हे कोणी बघत नाही.) लग्नाच्या दिवशी, अक्षता अजून केसात असताना, तुझ्या बहिणीने मला जे पहिलं वाक्य म्हटलं ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे: "गोटमारीत पाय ठेवसान तर मी नदी ओलांडून माहेरी जाईन. मंग या न्यायले." तिने लहानपणी दरवर्षी तुमच्या बाबांच्या डोक्याला हळद लावली आहे, तेव्हा तिचं काही चुकत नाही. राखी बांधताना तिने तुझ्याकडूनही तीच शपथ घेतली होती. आपण दोघांनीही ती पाळली याचा मला अभिमान आहे.

या वर्षी त्या दुपारी मी फक्त बामची बाटली आणायला मेडिकलपर्यंत गेलो. दुकानदाराने गडबडीत शटर अर्धं ओढलेलं होतं. मी वाकून बाहेर पडलो, आणि मी सरळ उभा राहायला आणि शटर खाली यायला एकच वेळ झाली. चार टाके पडले. चष्म्याची डावी काडी (जिच्या बिजागरीला प्रतिभाने निळा दोरा गुंडाळून दिला होता) त्या गोंधळात कुठे पडली कोण जाणे. सध्या मी एका काडीच्या चष्म्यावर आहे, म्हणून या पत्राच्या ओळी डावीकडे उतरत्या दिसतील. त्याचा स्वभावाशी संबंध लावू नकोस.

डॉक्टर केतकीबाईंनी टाके घातले आणि रजेसाठी इंग्रजीत लिहून दिलं: लॅसरेटेड वूंड ओव्हर लेफ्ट टेंपल, कॉज्ड बाय ब्लंट ऑब्जेक्ट. तीन दिवस विश्रांती. मी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि पुन्हा कामावर गेलो त्या दिवशी ऑफिसात दिला. त्या क्षणी कागद फाटला असता, भिजला असता, शेळीने खाल्ला असता, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुला ठाऊक आहे, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे खुर्च्या वाढल्या आणि खुर्च्यांवर बाहेरचे साहेब आले. आमचे साहेब हिंदी मुलखातले, रीवाकडचे. माणूस सज्जन, पण मराठीचा गंध नाही आणि इंग्रजीचा संशय. कोणताही इंग्रजी कागद नस्तीत लावायचा असेल तर त्याचं हिंदी सोबत जोडलंच पाहिजे असा त्यांचा नियम. हे काम वैभवबाबूकडे आहे, आणि वैभवबाबूचं काम त्याच्या मोबाइलकडे. दहा मिनिटांत हिंदी तयार झालं: "बाएँ मंदिर के ऊपर घाव. कारण: मुँहफट वस्तु." (ब्लंटचा अर्थ तोंडाळ असाही होतो म्हणे. वैभव माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारून गेला, "भाऊ, वस्तू म्हंजे... वहिनी काय जी?" मी त्याला दम दिला. तो गेल्यावर लक्षात आलं की दम दिल्याने संशय पक्का होतो.)

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "ये बायाँ मंदिर कौन-सा है?" प्रफुल्ल, त्या वेळी मला एकच हिंदी शब्द हवा होता, कनपटी. तो शब्द मला संध्याकाळी न्हाणीघरात, अंगावर पाणी घेताना आठवला. साहेबांच्या समोर मात्र मी नुसतं बोट कानाच्या वर नेऊन दाखवलं. साहेबांना वाटलं, डोकं ठिकाणावर आहे का असं मी त्यांना विचारतो आहे. दुसऱ्या दिवशी मी घरचा जाडजूड शब्दकोश पिशवीत घालून नेला आणि त्यांच्या पुढ्यात उघडला. त्यात स्वच्छ छापलं आहे: टेंपल, एक, देऊळ, दोन, कानशील. वैभवने वाचून अर्थ सांगितला. साहेबांनी एक नंबरवर लाल पेनने बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "शासन पहले अर्थ से चलता है."

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात नाही. गोटमारीच्या आधी साहेबांनी ऑफिसात कागद फिरवला होता की कोणीही कर्मचारी त्या दिवशी नदीवर दिसला तर निलंबन. त्यावर पहिली सही माझी आहे. (मी अशा कागदांवर नेहमी पहिली सही करतो.) आता माझ्याच कागदावर मंदिर, घाव आणि वस्तू हे तिन्ही एका ओळीत आलेले. पटवारीला सांगितलं, बायाँ मंदिर शोधून आण. तो नदीकाठी गेला. सावरगावकडे तोंड केलं की मारुतीचं देऊळ डावीकडे येतं आणि पाठ केली की उजवीकडे, म्हणून त्याने दोन्ही लिहून आणलं. मग मंदिर समितीला पत्र गेलं की मंदिरावर घाव झाला आहे काय. समितीने कळवलं की डाव्या भिंतीचा गिलावा दोन पावसाळ्यांपूर्वीच पडला आहे, तो अंकुशबाबूंनी, म्हणजे मी, पाडल्याचं कोणी पाहिलेलं नाही, पण ते लावून देणार असतील तर समितीची हरकत नाही. सरकारी काम इतक्या वेगाने चाललेलं मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. आता लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "बाबू, गिलावा कवा लावून राहिले?"

शनिवारी चपराशी नोटीस घेऊन घरी आला: त्या तारखेला बाएँ मंदिर पर आपली उपस्थिती कशासाठी होती ते नऊ दिवसांत, म्हणजे या येत्या सोमवारपर्यंत, स्पष्ट करावे. नोटीस प्रतिभाने घेतली. वाचली. घडी करून गणपतीच्या पाटाखाली ठेवली. आणि त्या दिवसापासून गप्प. घरात गणपती बसलेले असल्यामुळे ती दोन वेळा आरतीपुरतं तोंड उघडते, पण ती आरती माझ्याकडे बघून म्हणते आणि एरवीपेक्षा मोठ्याने म्हणते. काल संकटी पावावे या ओळीला तिने टाळ असा वाजवला की माझा टाका दुखला. ताट वाढते, पाणी ठेवते, गोळी ठेवते. भाजीत मीठ बरोबर असतं. मीठ जास्त असतं तर मला धीर आला असता, कारण मग राग आहे हे कळलं असतं. मला नोकरीची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. सात वर्षं उरली आहेत. पण नोकरी गेली तर मी संत्र्याच्या बागेत बसून पेट्या मोजीन. प्रतिभा बोलली नाही तर मी कोणाशी बोलू? पंचवीस वर्षांत मला वाटलेली एक एक भीती मी तिला सांगत आलो आहे, आणि ती "काई होत नाही, झोपा" म्हणाली की ती भीती संपते. आता भीती तिचीच आहे आणि सांगायला तीच नाही.

तू वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहेस, म्हणून तुलाच विचारतो. या इंग्रजांनी जग जिंकलं, समुद्र मोजले, आपल्या गावावरून रेल्वे नेली, आणि स्वतःच्या अंगाला नावं ठेवताना एवढी कंजुषी का केली? कोशात कानशील शोधता शोधता मी पुढची-मागची पानं वाचली (झोप येत नाही). पोटरीला काफ, म्हणजे वासरू. तळहाताला पाम, म्हणजे ताड. छातीला चेस्ट, म्हणजे पेटी. उद्या माझ्या पोटरीत गोळा आला आणि डॉक्टरने पेन इन लेफ्ट काफ असं लिहिलं, तर आमच्या ऑफिसातून कागद थेट पशुवैद्यकाकडे जाईल आणि तो मला टोचून मोकळा होईल. आपल्याकडे बघ. कानशील म्हटलं की कानशील. त्यात कोणी घंटा वाजवायला जात नाही. फार तर कानशिलात वाजवतात, पण तेही नेमक्या जागी. त्याच कोशात टेंपलचा तिसरा अर्थ दिला आहे, चष्म्याची काडी. ते वाचून मी कोश मिटून टाकला. एका शब्दात जखम, देऊळ आणि काडी तिन्ही; माझी सगळी शनिवारची नोटीस त्या इंग्रजाने आधीच लिहून ठेवली होती.

डॉक्टर केतकीबाई गणपतीसाठी माहेरी गेल्या आहेत, त्या विसर्जनानंतर आठवड्याने येतील; तोवर माझंच विसर्जन होईल. म्हणून तुझ्याकडे काम असं आहे. कॉलेजच्या छापील कागदावर, इंग्रजी विभागाचा शिक्का मारून, हिंदीत लिहून दे की अंगावर टेंपल असेल तर त्याचा अर्थ कनपटी, देऊळ नव्हे, आणि शासनाने या ठिकाणी दुसऱ्या अर्थाने चालावे. आणि प्रतिभाला एक फोन कर. माझं ती ऐकणार नाही, पण तू म्हणालास की टेंपल म्हणजे कानशील, तर ती मानेल. तुझ्या शब्दाबाहेर ती नाही. तू लहानपणी शाळा बुडवायला सांगितलेला खोटा तापसुद्धा ती अजून खरा मानते.

सावरगावी फोन केलास तर सासूबाईंना नमस्कार कळव. जेवून घेत जा. रात्री दार नीट लाव.

तुझा,
अंकुश भाऊजी

ता. क. पाकीट बंद करण्याआधी एक बारीकशी दुरुस्ती. शटर नव्हतं.

त्या दुपारी सासूबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "जवाईबापू, प्रफुल्ल आला हाय नागपूरवरून. प्रतिभाले सांगू नोका. चौकड्याचा शर्ट घालून नदीवर गेला हाय, मायं काई ऐकत नाही. तुमीच आना त्याले." मी खूप वेळ खिडकीच्या कडीकडे बघत बसलो. मग हेल्मेट घातलं, प्रतिभाला बाम आणायला जातो असं सांगितलं आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी नदीकडे गेलो. मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभं राहून तुला हाका मारल्या. त्या गलक्यात कोण ऐकतो! तू समोरच्या काठावर होतास, बाह्या वर केलेल्या, आणि हसत होतास. मला वाटलं, हेल्मेटमुळे याला मी ओळखू येत नाही. म्हणून मी ते काढलं.

तुझा डावा हात लहानपणापासूनच अचूक नेमाचा आहे, प्रफुल्ल.

पुढचं धूसर आहे, कारण डोळ्यात रक्त होतं आणि चष्मा नव्हता. कोणा भल्या माणसाने मला पायरीवर बसवलं, रुमाल बांधला, हेल्मेट परत माझ्या हातात दिलं आणि न बोलता निघून गेला. देव त्याचं भलं करो. म्हणजे बघ, वैभवबाबूचं भाषांतर चुकलं, पण बातमी खरी निघाली: जखम डाव्या टेंपलवर आणि डाव्या टेंपलपाशीच. मी गोटा उचलला नाही, शपथेवर सांगतो. प्रतिभाला तुझं नाव सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. (सोमवारपर्यंत शिक्क्याचा कागद आला नाही, तर टाक्यांच्या औषधाने कधीकधी जीभ सैल होते असं ऐकतो.) तुझ्या पत्रात देवळाचा उल्लेख अजिबात करू नकोस.

आणखी एक ता. क. शाई वेगळी दिसेल, कारण पहिला पेन हातातून पडला आणि पलंगाखाली गेला. आता काढायला वाकण्याची हिंमत नाही.

वरची ओळ लिहून होते आहे तोच प्रतिभा आली आणि कागदावर एक वस्तू ठेवली. चष्म्याची डावी काडी, निळ्या दोऱ्यासकट. शनिवारी चपराशी नोटीस देऊन गेल्यावर तासाभराने सासूबाईंनी चकलीच्या डब्यासोबत ती पाठवली होती. प्रतिभाले सांगू नोका हे स्वतःचंच विसरून दिलेला निरोप अगदी साधा: प्रफुल्ल शर्ट धुवायला टाकून गेला, खिशात ही सापडली, जवाईबापूंची दिसते, देऊन दे. म्हणजे तुझी बहीण नोटिशीमुळे गप्प नव्हती. माझ्या चष्म्याची काडी तुझ्या खिशात कशी गेली हे तिने एकटीने शोधून काढलं होतं, आणि आपल्या दोघांपैकी आधी कोण सांगतो याची चार दिवस वाट बघत होती. तिने आत्ता उभ्या उभ्या हे पूर्ण पत्र वाचलं, हेल्मेट काढल्याच्या ओळीपाशी डोळ्याला पदर लावला, आणि मग बोलली. काय बोलली ते खाली आहे.

पण आधी माझं. म्हणजे रुमाल बांधणारा तूच. वरून गोटे पडत असताना नदी ओलांडून आलास, माझी काडी उचललीस, आणि तेव्हापासून अकरा दिवस फोन उचलत नाहीस. अरे वेड्या, चारच टाके आहेत. खाजतात, म्हणजे भरत आहेत. जेवतोस ना?

आता तिचा निरोप, तिच्याच शब्दांत, कारण एक शब्द इकडेतिकडे केला तर याद राखा असं ती म्हणाली आहे: "लिहा त्याले. टेंपल म्हंजे काय, ते तू साहेबाले लिहून दे. कानशील म्हंजे काय, ते मी समजावून सांगतो. तुमा दोघायलेही, संगच."

रविवारी ये. पुरण घालणार आहे. शिक्क्याचा कागद सोबत आण, आणि येताना हेल्मेट घालून ये. मी घातलेलंच आहे.